डेटाबेस-सर्व्हर आणि फाइल-व्यवस्थेची निवड

प्रश्नाचे स्वरूप

दिल्लीहून पूर्वेकडे निघालेल्या गाड्या यमुना ओलांडून गाझियाबादला येतात आणि तेथे त्यांचे मार्ग वेगळे होतात. एक फाटा अलीगढ-कानपूरकडे जातो, दुसरा मुरादाबादकडे, तिसरा मेरठ-सहारनपूरकडे. या जंक्शनच्या आरक्षण खिडकीपाशी उभा असलेला एखादा प्रवासी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. त्याला लग्नकार्यासाठी कुटुंबासह पुण्याला जायचे आहे. तो भरलेला अर्ज आत देतो, कारकून काही अक्षरे टंकतो, यंत्रातून तिकीट बाहेर येते. तिकिटावर डब्याचा आणि शायिकेचा क्रमांक छापलेला असतो. प्रवासी पैसे मोजून निघून जातो.

त्या क्षणी वस्तुतः काय घडले? दूर कोठेतरी असलेल्या एका संगणकात ‘ही शायिका आता रिकामी नाही’ अशी एक नोंद झाली. एवढेच. पण पुढच्याच सेकंदाला त्या संगणकाचा वीजपुरवठा तुटला, आणि पुन्हा चालू झाल्यावर ती नोंद त्यात सापडलीच नाही, तर? प्रवाशाच्या हातातील कागद एक सांगेल, संगणक दुसरेच सांगेल. ती शायिका पुन्हा विकली जाईल आणि मध्यरात्री एकाच बाकापाशी दोन कुटुंबे उभी राहतील. दोघांचीही तिकिटे खरी असतील.

भारतीय रेल्वेच्या प्रवासी आरक्षणाचे संगणकीकरण १९८५च्या अखेरीस नवी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. त्या वेळी सरकारी मालकीच्या असलेल्या सीएमसी या कंपनीने व्हॅक्स जातीच्या संगणकांवर चालणारी ‘इम्प्रेस’ नावाची कार्यप्रणाली त्यासाठी तयार केली. पुढे, १९८६ साली स्थापन झालेल्या रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने ‘कॉन्सर्ट’ ही व्यवस्था उभारली. तिच्यायोगे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच आरक्षण केंद्रे १९९९पर्यंत एकमेकांशी जोडली गेली. गाझियाबादच्या खिडकीवरून कोणत्याही मार्गाचे तिकीट मिळू लागले ते या जोडणीमुळे. २००२ साली इंटरनेटवरून तिकिटे काढण्याची सोय झाली आणि खिडकी घरोघर पोहोचली. खिडक्या वाढल्या तरी मूळ वचन तेच राहिले: एकदा ‘मिळाले’ असे सांगितलेले तिकीट नाहीसे होता कामा नये.

हे वचन पाळण्याची जबाबदारी डेटाबेसची, म्हणजे सुसूत्र मांडलेल्या नोंदींचा संग्रह सांभाळणाऱ्या कार्यक्रमाची असते. परंतु डेटाबेस स्वतः डिस्कवर अक्षरे कोरत नाही. ते काम तो आपल्या खाली असलेल्या फाइल-व्यवस्थेकडे सोपवतो. ही खालची व्यवस्था कशी निवडावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. सामान्यतः हा प्रश्न वेगाचा समजला जातो. तो आधी विश्वासाचा आहे आणि मग वेगाचा, असे आपल्याला दिसून येईल.

फाइल-व्यवस्था म्हणजे काय?

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. अभ्यासकाला एखादा कागद हवा असेल तर त्याला रुमालाचा क्रमांक माहीत असावा लागतो, आणि तो क्रमांक सांगणारी यादी अभिलेखागारापाशी असावी लागते. कागद सुरक्षित आहे पण यादी हरवली, तर तो कागद असून नसल्यासारखा होतो. उलट, यादीत नाव आहे पण रुमालात दुसराच कागद आहे, तर अनर्थ अधिक मोठा.

डिस्कची स्थिती अशीच असते. डिस्क ही सारख्या आकाराच्या, क्रमांक दिलेल्या लहान लहान खंडांची एक लांबलचक रांग असते. एक खंड बहुधा ४ किलोबाइटचा असतो. कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या खंडांत पसरली आहे, कोणते खंड रिकामे आहेत, याची यादी ठेवणारी व सांभाळणारी यंत्रणा म्हणजे फाइल-व्यवस्था. यातील मजकूर वेगळा आणि यादी वेगळी, हा भेद वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. पुढील विवेचनात तो वारंवार उपयोगी पडेल.

नोंद नेमकी कोठे असते?

कारकुनाने मसुदा शिपायाच्या हाती दिला म्हणजे तो दप्तरात गेला, असे नव्हे. संगणकातही लिहिलेली गोष्ट चार ठिकाणी थांबत थांबत जाते. प्रथम ती डेटाबेसच्या स्वतःच्या स्मृतीत असते. तेथून ती संचालन-प्रणालीच्या स्मृतीत जाते. मग डिस्क-नियंत्रकाच्या किंवा डिस्कच्याच छोट्या तात्पुरत्या साठ्यात, आणि सर्वांत शेवटी ती चुंबकीय तबकडीवर किंवा घन-स्थितीतील डिस्कच्या पेशींत उमटते. पहिली दोन ठिकाणे वीज गेली की पुसली जातात. तिसऱ्या ठिकाणी विजेची राखीव सोय नसेल तर तेही पुसले जाते.

म्हणून डेटाबेस लिहिण्याची आज्ञा देऊन थांबत नाही. तो आणखी एक आज्ञा देतो: ‘हे पक्के झाल्याशिवाय परत येऊ नकोस.’ युनिक्स आणि लिनक्स यांत या आज्ञेला ‘एफसिंक’ म्हणतात. ती पुरी झाल्यावरच प्रवाशाचे तिकीट छापले जावे, हा नियम आहे. प्रत्येक घटकाने आपल्याखालच्या घटकाचा शब्द खरा मानून वर ‘झाले’ असे कळवायचे, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी खोटे बोलली तर वरच्या सर्वांचा प्रामाणिकपणा वाया जातो.

पक्की नोंद मंद असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. नोंदवहीच्या शेवटी एकामागून एक नोंद लिहायची आणि प्रत्येक नोंद पक्की होईपर्यंत थांबायचे असे ठरवले, तर तबकडीची तीच जागा पुन्हा डोक्याखाली येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे सेकंदाला १२० नोंदींच्या वर जाणे कठीण. यावर डेटाबेस एक तोडगा काढतो. जवळजवळ एकाच वेळी आलेले अनेक व्यवहार तो एका खेपेत पक्के करतो, जसा टपालवाला प्रत्येक पत्रासाठी वेगळी फेरी न मारता एकाच फेरीत पुष्कळ पत्रे वाटतो.

या साध्या गणिताचा एक व्यावहारिक उपयोग आहे. अशी तबकडी सेकंदाला काही हजार पक्क्या नोंदी करून दाखवू लागली, तर आनंदित होण्याऐवजी सावध झाले पाहिजे. मधला कोणता तरी घटक आपल्या तात्पुरत्या साठ्यात नोंद ठेवून ‘झाले’ असे कळवीत आहे. त्या साठ्याला बॅटरीचे संरक्षण असेल तर ठीक. नसेल तर तो वेग उसना आहे आणि वीज जाताच तो सव्याज परत करावा लागेल.

रोजकीर्द आणि खतावणी

महाराष्ट्रातील जुन्या पेढ्यांवर हिशेब ठेवण्याची जी रीत होती, तिच्यात या प्रश्नाचे उत्तर आधीच दडलेले आहे. दिवसभरात जो जो व्यवहार होई, तो तो घडला त्या क्रमाने प्रथम रोजकीर्दीत लिहिला जाई. नंतर, सवडीने, त्यातील प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवली जाई. खतावणी लिहिता लिहिता कारकून आजारी पडला तरी पेढीचे नुकसान होत नसे; दुसरा माणूस रोजकीर्द उघडून राहिलेल्या रकमा चढवू शके.

डेटाबेस हेच करतो. शायिकेची मूळ नोंद जेथे आहे ते पान लगेच न बदलता तो प्रथम आपल्या रोजकीर्दीत ‘अमुक पानावर अमुक बदल’ असे लिहितो आणि तेवढेच पक्के करून घेतो. मूळ पाने मागाहून डिस्कवर जातात. यंत्र मध्येच बंद पडले तर पुन्हा चालू होताना डेटाबेस रोजकीर्द वाचतो, पुरे झालेले व्यवहार पुन्हा चढवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. या पद्धतीचे सर्वांगीण विवेचन सी. मोहन या भारतीय संगणकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केले, आणि पुढील पुष्कळ डेटाबेसांनी ते आधारभूत मानले.

आता, फाइल-व्यवस्थाही स्वतःची एक रोजकीर्द ठेवते. कारण तिच्या यादीतही एका कामासाठी अनेक जागी बदल करावे लागतात. फाइल वाढली की रिकाम्या खंडांची यादी बदलते, फाइलीचे आकारमान बदलते, खंडांचा पत्ता नोंदवावा लागतो. यांपैकी निम्मे झाले आणि वीज गेली तर यादीच परस्परविरोधी होते. रोजकीर्द नसलेल्या जुन्या व्यवस्थांत अशा वेळी सगळी डिस्क तपासावी लागे आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी तासन्‌तास लागत. लिनक्सवरील ईएक्सटी-२ ही १९९३ची व्यवस्था या जातीची. २००१ साली आलेल्या ईएक्सटी-३ने तिला रोजकीर्दीची जोड दिली.

येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. फाइल-व्यवस्थेची रोजकीर्द आहे म्हणजे आपला मजकूर सुरक्षित आहे, असे त्याला वाटते. वस्तुतः बहुतेक फाइल-व्यवस्था आपल्या रोजकीर्दीत फक्त यादीचे बदल लिहितात, मजकुराचे नाही. त्या एवढीच हमी देतात की वीज गेल्यावरही यादी सुसंगत राहील. रुमालाच्या आतील कागदावर काय लिहिलेले आहे, ते पुरे आहे की अर्धे, याची हमी त्यात नसते. ती हमी डेटाबेसच्या रोजकीर्दीने द्यायची असते.

दोघांनी एकाच कामासाठी दोन वह्या ठेवाव्यात का, हा वाद जुना आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ सालीच असे प्रतिपादन केले होते की संचालन-प्रणालीच्या सेवा डेटाबेसला एक तर फार मंद पडतात किंवा गैरलागू ठरतात. कोणते पान स्मृतीत ठेवावे आणि कोणते काढावे, हे डेटाबेसला अधिक चांगले कळते. म्हणूनच ओरॅकलसारख्या डेटाबेसने फाइल-व्यवस्थेला बाजूला सारून डिस्कचा कारभार स्वतःकडे घेण्याची सोय केली. तथापि फायलींची नक्कल काढणे, त्या हलवणे, जागा मोजणे ही नित्याची कामे फाइल-व्यवस्थेमुळे इतकी सुकर होतात, की बहुसंख्य कार्यालये आजही तिचाच आश्रय घेतात.

अर्धवट लिहिलेले पान

रोजकीर्दीनेही न सुटणारी एक अडचण आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक पान ८ किलोबाइटचे असते, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे १६ किलोबाइटचे. डिस्कचा खंड ४ किलोबाइटचा धरला तर एका पानाचे दोन किंवा चार तुकडे लिहावे लागतात. पहिला तुकडा उमटला आणि दुसरा उमटण्यापूर्वी वीज गेली, तर पानाचा वरचा भाग नवा आणि खालचा जुना असा विचित्र प्रकार होतो. ‘अमुक ओळीत बदल कर’ असे रोजकीर्द सांगत असली, तरी ज्या पानात तो करायचा तेच फाटलेले असते.

पोस्टग्रेस यावर असा उपाय करतो की विशिष्ट अंतराने, पान प्रथम बदलताना, ते सबंध पानच तो रोजकीर्दीत उतरवतो. इनोडीबी प्रत्येक पान आधी एका राखीव जागी आणि मग मूळ जागी, असे दोनदा लिहिते. दोन्ही उपाय खात्रीचे आहेत आणि दोन्हींची किंमत जादा लेखनाच्या रूपाने मोजावी लागते. ही किंमत अनाठायी वाटून कोणी ती सोय बंद केली, तर वेग वाढलेला दिसतो आणि वीज जाईपर्यंत काहीही बिघडत नाही. ज्या फाइल-व्यवस्थेत पान अर्धे लिहिले जाणे रचनेमुळेच शक्य नाही, तेथे मात्र ही सोय विचारपूर्वक काढता येते. अशी व्यवस्था कोणती, हे पुढे येईल.

उपलब्ध पर्याय

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरपुढे मुख्यतः दोन घराण्यांतील पर्याय असतात. एक घराणे लिहिलेल्या जागीच नवा मजकूर लिहिते. दुसरे जुन्याला हात न लावता नव्या जागी लिहिते.

पहिल्या घराण्यात ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस यांचा समावेश होतो. ईएक्सटी-४ ही २००८ साली स्थिर म्हणून स्वीकारली गेली. ती सर्वपरिचित आहे, तिच्या दुरुस्तीची साधने जुनी व कसास उतरलेली आहेत आणि तिचे गुणदोष पुष्कळांना ठाऊक आहेत. नेहमीच्या ४ किलोबाइटच्या खंडांत तिच्यातील एक फाइल जास्तीत जास्त सुमारे १६ टेराबाइटची होऊ शकते. मध्यम आकाराच्या डेटाबेसला ती पुरेशी आहे.

एक्सएफएसचा जन्म सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत झाला. चलच्चित्रांच्या व वैज्ञानिक गणितांच्या अवाढव्य फायली सांभाळण्यासाठी १९९४ साली ती वापरात आली आणि २००१ साली लिनक्सवर पोहोचली. ती डिस्कचे अनेक स्वतंत्र विभाग पाडते आणि प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवते. त्यामुळे अनेक कामे एकाच वेळी जागा मागू लागली तरी त्यांना एकाच खिडकीपाशी रांग लावावी लागत नाही. एकाच मोठ्या फाइलीत अनेकांनी एकाच वेळी थेट लिहिण्याच्या बाबतीतही तिची ख्याती आहे. रेड हॅटने २०१४ साली आपल्या सातव्या आवृत्तीत तिला मूळ पसंतीचे स्थान दिले आणि मोंगोडीबी या डेटाबेसचे निर्मातेही तिचीच शिफारस करतात. तिची एक मर्यादा ध्यानात असावी: एकदा मोठी केलेली ही व्यवस्था लहान करणे व्यवहारतः शक्य नसते. तेव्हा जागेची वाटणी आधीच विचारपूर्वक करावी.

दुसऱ्या घराण्यातील प्रमुख झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरन्स यांच्या पुढाकाराने ती घडली आणि २००५ साली खुली झाली. ही व्यवस्था खाडाखोड करीत नाही. बदललेला मजकूर ती नव्या खंडांत लिहिते, आणि तो पुरा लिहून झाल्यावरच यादीतील पत्ता जुन्यावरून नव्यावर वळवते. त्यामुळे मध्येच वीज गेली तर जुने पान जसेच्या तसे सापडते. योग्य मांडणी केली असता अर्धवट पानाचा धोका येथे राहत नाही.

तिचा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. शाळेत गुणाकार केल्यावर आपण नऊचा ताळा पाहत असू. उत्तर चुकले असेल तर ताळा बहुधा जुळत नसे. झेडएफएस प्रत्येक खंडाचा असाच एक ताळा काढून वेगळ्या जागी ठेवते आणि वाचताना तो पडताळते. डिस्कने निमूटपणे चुकीचा मजकूर परत दिला तर ती तो ओळखते, आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तही करते. ईएक्सटी-४ व एक्सएफएस यांच्यात मजकुराच्या ताळ्याची ही सोय नाही. तेथे ते काम डेटाबेसच्या स्वतःच्या ताळ्यावर सोपवावे लागते.

या गुणांचे मोल द्यावे लागते. झेडएफएस सहसा १२८ किलोबाइटपर्यंतच्या नोंदींत मजकूर ठेवते. डेटाबेसने त्यातील ८ किलोबाइटचे एक पान बदलले तर सगळी १२८ किलोबाइटची नोंद वाचून पुन्हा लिहावी लागते, म्हणजे सोळापट काम. म्हणून डेटाबेस भरण्यापूर्वीच ही नोंद पानाच्या मापाची करून घ्यावी. नंतर माप बदलले तरी आधी लिहिलेल्या फायली जुन्या मापातच राहतात. शिवाय सतत नव्या जागी लिहिल्यामुळे सलग असलेली फाइल काळाच्या ओघात विखुरते, डिस्क भरत आली की वेग घटतो, आणि या व्यवस्थेचा स्वतःचा मोठा स्मृतिसाठा डेटाबेसच्या साठ्याशी स्पर्धा करतो. या तिन्ही गोष्टींची तरतूद करण्याइतके ज्ञान ज्या कार्यालयात आहे, त्याने झेडएफएस निःशंकपणे घ्यावी.

बीटीआरएफएस ही त्याच घराण्यातील, २००७ साली सुरू झालेली व्यवस्था. डेटाबेससाठी तिच्यातील ‘नव्या जागी लिहिणे’ बंद करावे असा सल्ला दिला जातो. पण तसे केले की ताळ्याची सोयही बंद होते. मग तिला निवडण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

आरक्षणाच्या संगणकांवर पुढे अनेक वर्षे वापरली गेलेली व्हीएमएस ही संचालन-प्रणाली १९७७ची. तिची फाइल-व्यवस्था संपादित केलेल्या फाइलीची जुनी प्रत न पुसता नव्या प्रतीला पुढचा क्रमांक देत असे. जुने पुसण्यापूर्वी नवे पुरे लिहावे, ही दृष्टी काही आजची नाही.

साहिबाबादचा एक धडा

निवड करताना एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही: चूक झाली तर ही व्यवस्था ती सांगते कशी? २०१८ साली पोस्टग्रेस सांभाळणाऱ्या मंडळींना या प्रश्नाने खडबडून जागे केले. लिनक्सवर असे आढळून आले की पक्के करण्याची आज्ञा दिली असता डिस्कवर लिहिण्यात अडथळा आला, तर संचालन-प्रणाली ती चूक एकदा कळवी. मात्र न लिहिली गेलेली पाने ती ‘निकाली निघाली’ असे धरून चाले. डेटाबेसने पुन्हा तीच आज्ञा दिली की उत्तर येई, ‘झाले’. मजकूर डिस्कवर कधी पोहोचलेलाच नसे. दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळालेला होकार खरा मानणे, ही चूक अनेक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

या प्रसंगातून निघालेला मार्ग समजण्यासाठी पुन्हा गाझियाबादकडे वळू. शहराला लागून असलेल्या साहिबाबादला सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड हा १९७४ साली स्थापन झालेला सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आहे. रेल्वेमार्गावर बसवायची आस-गणक यंत्रे तेथे तयार होतात. रुळांच्या एका टप्प्याच्या दोन्ही टोकांना ही यंत्रे बसवतात. आत गेलेल्या आसांची आणि बाहेर पडलेल्या आसांची संख्या सारखी झाली तरच टप्पा मोकळा मानला जातो. संख्या जुळली नाही, किंवा वीज जाऊन मोजणी खंडित झाली, तर यंत्र अंदाज करीत बसत नाही. ते टप्पा ‘व्यापलेला’ असेच दाखवते, आणि जबाबदार माणसाने विहित रीतीने खात्री करून घेतल्याशिवाय तो मोकळा होत नाही. गाड्या खोळंबतात, पण एका टप्प्यात दोन गाड्या शिरत नाहीत.

पोस्टग्रेसने हेच तत्त्व पत्करले. फेब्रुवारी २०१९मध्ये निघालेल्या आवृत्त्यांपासून, नोंद पक्की करताना चूक आली की डेटाबेस पुन्हा प्रयत्न करीत नाही. तो स्वतःला जाणूनबुजून बंद करतो आणि रोजकीर्दीवरून आरंभापासून उभा राहतो. खिडक्या काही काळ बंद पडतात. परंतु एक शायिका दोघांना विकली जात नाही. संशय आला की थांबावे, हा नियम रुळांना लागू आहे तसा नोंदींनाही.

निवड कशी करावी?

आता निवडीचा क्रम सांगता येईल. प्रथम आपल्या डेटाबेसच्या निर्मात्यांनी कोणत्या फाइल-व्यवस्थेवर तो तपासला आहे ते पाहावे. पुष्कळांच्या वापरात असलेल्या व्यवस्थेतील दोष लवकर उघड होतात. एकट्यानेच वापरलेल्या व्यवस्थेतील दोष आपल्यालाच शोधावे लागतात. दुसरे, डिस्कची परीक्षा करावी. घन-स्थितीतील डिस्क असेल तर वीज गेल्यावर तात्पुरता साठा उतरवून घेण्यापुरती ऊर्जा राखणारी सोय तिच्यात आहे काय, याची चौकशी करावी. ही सोय नसलेल्या डिस्कवर कोणतीही फाइल-व्यवस्था बसवली तरी पाया कच्चाच राहतो.

तिसरे, स्वतःचे बळ ओळखावे. ज्या कार्यालयात एकच माणूस सर्व यंत्रे सांभाळतो, त्याने ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस घ्यावी, डेटाबेसची ताळ्याची सोय चालू ठेवावी आणि बाकीचे डेटाबेसच्या रोजकीर्दीवर सोपवावे. फायली फार मोठ्या असतील व एकाच वेळी लिहिणारे पुष्कळ असतील, तर दोहोंपैकी एक्सएफएसकडे कल असावा. माहिती दीर्घकाळ टिकवायची असेल, निमूटपणे होणाऱ्या बिघाडाची धास्ती असेल आणि जाणकार माणूस हाताशी असेल, तर झेडएफएस घ्यावी. वेगातील अंतर दुसऱ्याच्या कोष्टकावरून ठरवू नये. आपल्याच कामाचा नमुना घेऊन, डिस्क बरीचशी भरलेली असताना, काही दिवस मोजून ठरवावे.

चौथे, प्रत्यक्ष वीज तोडून पाहावी. एक छोटा कार्यक्रम डेटाबेसमध्ये क्रमाने आकडे लिहीत राहील आणि प्रत्येक आकडा ‘पक्का झाला’ असे उत्तर आल्यावरच तो दुसऱ्या यंत्रावर टिपून ठेवील, अशी व्यवस्था करावी. काम ऐन भरात असताना पहिल्या यंत्राची तार भिंतीतून काढावी. यंत्र पुन्हा चालू झाल्यावर दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावेत. दुसऱ्या यंत्राने टिपलेला एक जरी आकडा पहिल्यात सापडला नाही, तर साखळीतील कोणीतरी खोटे बोलले. ही परीक्षा अर्थातच खऱ्या नोंदी येण्यापूर्वी, आणि एकदाच नव्हे तर वीस-पंचवीस वेळा करावी.

शेवटी, फाइल-व्यवस्थेची निवड ही वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतीला पर्याय नाही. उत्तम फाइल-व्यवस्थाही आगीपासून किंवा चुकून दिलेल्या पुसण्याच्या आज्ञेपासून वाचवू शकत नाही. प्रत दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या गावी असावी, आणि ती परत उभी करून पाहिलेली असावी.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रवाशाला यातील काहीच ठाऊक नसते. तिकीट खिशात ठेवून तो हमालाला हाक मारतो. त्याने टाकलेला हा विश्वास खरा ठरावा, एवढ्यासाठीच फाइल-व्यवस्थेची निवड काळजीपूर्वक करायची.